मातीतले भागीदार

आमच्या बार्शीकडे एखाद्या रानात ज्वारी जोमाने आली, की जुनी माणसे विचारतात, "बेवड कशाचा होता?" म्हणजे आधी त्या रानात पीक कोणते होते? हरभऱ्याचा बेवड असे उत्तर मिळाले, की माना डोलतात. या बेवडात नेमके असते काय, ते मात्र मला फार उशिरा कळले. निम्मे पुस्तकातून आणि निम्मे फजितीतून.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे. पण पिकाला ते थेट घेता येत नाही. दारात विहीर असावी आणि हाती पोहरा नसावा, अशी त्याची गत. १८८६ साली हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की वाटाण्यासारखी शेंगांची पिके मुळांवरच्या गाठींच्या बळावर हे हवेतले नत्र मिळवितात. पुढे दोनच वर्षांनी हॉलंडच्या बायेरिंक यांनी त्या गाठींतले जंतू वेगळे काढले. त्यांनाच आज आपण रायझोबियम म्हणतो. मी अर्थशास्त्र शिकवितो, म्हणून मला यातली देवघेव मोठी मौजेची वाटते. झाड जंतूंना साखर देते, जंतू झाडाला नत्र देतात. मुळे व पाला रानात कुजला, की त्यातला काही वाटा पुढच्या पिकाला मिळतो. हाच आपला बेवड!

आता फजिती सांगतो. शेती आमचे थोरले बंधू अण्णा पाहतात. एका उन्हाळ्यात मी शहरातून हरभऱ्यासाठी जीवाणू खताची पाकिटे नेली. ती पत्र्याच्या खोलीत फळीवर पेरणीपर्यंत पडून राहिली. पेरणीच्या दिवशी बुरशीचे औषध आणि जीवाणू एकाच घमेल्यात कालवून बियाण्याला चोळले आणि बी उन्हात वाळविले. दीड महिन्याने झाडे उपटून पाहिली, तर गाठी नावाला. अण्णा म्हणाले, "अरे, तुझे जंतू रजेवर गेले वाटतं!"

चूक आमचीच होती. पाकिटावर 'खत' लिहिलेले असते, म्हणून आपण ते पोत्यासारखे वागवितो. वास्तविक ते बियाणे आहे. त्यात जीव आहे. तो उन्हाने मरतो, औषधाने मरतो, मुदत संपली की मरतो. तेव्हा पाकीट सावलीत, थंड जागी ठेवावे. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट, गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावे. बी सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. औषध लावायचेच असेल तर ते आधी, जीवाणू शेवटी. आणि ते औषध जीवाणूंना चालते की नाही, हे विचारून घ्यावे. आणखी एक, सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही. प्रत्येकाचा सोयरा वेगळा.

बुरशी म्हटली की आपल्याला रोग आठवतो. हरभऱ्याला, तुरीला मर लागते ती बुरशीनेच. पण ट्रायकोडर्मा नावाची बुरशी या रोगट बुरशीवरच चरते. बियाण्याला किंवा शेणखतातून दिली, तर ती राखणदारासारखी उपयोगी पडते. दुसरी एक बुरशी मुळांशी संसार थाटते. तिचे बारीक धागे मुळांच्या पलीकडे जाऊन स्फुरद गोळा करून आणतात. या जोडीला मायकोरायझा हे नाव फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली दिले. आपल्या बहुतेक पिकांना तिची साथ असते; कोबी, मोहरीच्या कुळाला मात्र नसते. स्फुरदाचे खत भारंभार टाकले की ही बुरशी मंदावते. युरिया फार झाला की गाठीही कमी धरतात. घरबसल्या मिळू लागले, की झाड तरी भागीदार कशाला सांभाळील?

पुढच्या वर्षी आम्ही नीट रीतीने केले. फुलोऱ्याच्या आधी अण्णांनी एक झाड कुदळीने मातीसकट अलगद काढले. ओढून उपटले तर गाठी जमिनीतच राहतात. मुळे पाण्यात धुतली आणि गाठ नखाने फोडली. आत गुलाबी! गाठ आतून गुलाबी असली म्हणजे काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असली तर नाही. अण्णा काही बोलले नाहीत. दुसरे झाड मात्र त्यांनी आपणहून काढले.

उत्पन्न किती वाढले, ते मला सांगता येणार नाही, कारण तुलनेसाठी आम्ही बिनचोळ्या बियाण्याचा एक पट्टा ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही. तुम्ही मात्र चार ओळी तशाच ठेवा आणि दोन्हींकडचे धान्य वेगळे मोजा. ज्या रानात वर्षानुवर्षे तेच कडधान्य येते, तिथे हे जीवाणू आधीच नांदत असतात. तिथे फरक थोडा दिसेल. जिथे ते पीक नवे, तिथे जास्त. मोजल्यावाचून कोणाचेच ऐकू नका, माझेही नाही.

शेवटी एक लहानशी सूचना. हरभरा काढताना मुळासकट उपटण्यापेक्षा विळ्याने कापावा. मुळे रानातच राहू द्यावीत. वर्षभर राबलेल्या भागीदाराचे तेवढे देणे आपण लागतो. आणि पुढची ज्वारी त्यावरच यायची असते.