कोंबडीचा विषाणू, माणसाची सर्दी

१९६० साली इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत एका मुलाला सर्दी झाली. त्याच्या नाकातला स्राव सॅलिसबरीच्या सर्दी संशोधन केंद्रात पोहोचला. त्यातला विषाणू नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत वाढेना. पण स्वयंसेवकांच्या नाकात थेंब घातले की शिंका सुरू! अखेर केंद्रातल्या डेव्हिड टायरेल यांच्या गटाने तो श्वासनलिकेच्या जिवंत तुकड्यांवर वाढवला आणि नमुने लंडनला जून अल्मेडांकडे पाठवले. ग्लासगोच्या बसचालकाची ही लेक. शाळा सोळाव्या वर्षीच सुटलेली, पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हात असा बसलेला, की भल्याभल्यांनी शिकावं. त्यांना विषाणूभोवती काट्यांची प्रभावळ दिसली. तसंच रूप त्यांनी आधी कोंबड्यांच्या ब्राँकायटिसमध्ये आणि उंदरांच्या यकृतदाहात पाहिलं होतं. तेव्हा मात्र ‘ही तर इन्फ्लुएंझाची वाईट छायाचित्रं’ म्हणत परीक्षकांनी त्यांचा शोधनिबंध नाकारला होता! आता कोंबडी, उंदीर आणि माणूस यांचे विषाणू एकाच कुळातले दिसू लागले. १९६८ मध्ये ‘नेचर’मधून या कुळाला कोरोनाविषाणू हे नाव मिळालं. गंमत म्हणजे, कोंबड्यांच्या त्या आजारावरची लस तोवर वापरातही आलेली होती.