मुलांनीं आम्हांस शिकविलें
(शाळेच्या आवारांत भरलेल्या पालकांच्या सभेंत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



सारा गांव आम्हांस गुरुजी म्हणतो. वीस वर्षें हातांत खडू धरल्यावर आज आपणांपुढें एक गोष्ट कबूल करावयाची आहे. शिकवावें कसें हें ट्रेनिंग कॉलेजानें आम्हांस शिकविलें. पण शिकावें कसें, हें आपल्याच मुलांनीं शिकविलें. आणि त्या शिक्षणाची फी आम्हीं भरली नाहीं, त्या पोरांनीं भरली.

नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. आम्हीं 'एकोणतीस' लिहावयास सांगितलें. एका शेतकऱ्याच्या मुलानें पाटीवर ३९ लिहिले. आम्हीं त्याचा कान पिळला. तो रडत म्हणाला, "गुरुजी, तुमी तीस म्हनलासा न्हवं?" आम्ही गप्प झालों. पोरगें खरें बोलत होतें! एकोणतीस म्हणजे तिसांत एक उणा. कानाला तीस ऐकूं येतात आणि पाटीवर मात्र आधीं २ लिहावयाचे असतात. एकवीस म्हणतांना एक आधीं येतो, लिहितांना मागून येतो. म्हणून कोणी १२ लिहितो. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'वीस एक' असें वाचन आलें, तेव्हां राज्यभर वाद माजला. वाद कांहींही असो, पोरांची अडचण खरी होती. मूल चुकतें तेव्हां तें बहुधा कांहीं तरी विचार करूनच चुकतें. त्या चुकीचें मूळ शोधावें. झाडाला काठी मारून कीड मरत नाहीं.

दुसरा धडा सुताराच्या मुलानें दिला. फळ्यावर आम्हीं विचारलें, पाव मोठा कीं अर्धा? पाव म्हणजे एक छेद चार, अर्धा म्हणजे एक छेद दोन. तो म्हणाला, पाव मोठा. कारण दोहोंपेक्षां चार मोठे. आम्हीं त्याला मठ्ठ ठरविलें. पुढें शाळेची खिडकी दुरुस्त करावयाची होती, म्हणून त्याच्या वडिलांकडे गेलों. वडील म्हणाले, "पाऊण इंच धर." पोरानें क्षणांत पट्टीवर सहा सूत मोजून खूण केली. इंचाचे आठ सूत. अर्ध्याचे चार, पावाचे दोन. जें आम्हांला फळ्यावर महिनाभर समजावतां आलें नाहीं, तें त्याच्या बोटांत आधींच होतें! दुसऱ्या दिवशीं त्यालाच पट्टी घेऊन वर्गापुढें उभें केलें. मठ्ठ कोण होतें, हें आम्हांस कळून चुकलें.

जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. खेड्यांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गांतला असावा, प्रसंगीं नांगराचें रुमणें आणि सुताराचा वांकस धरूं शकेल असा असावा, असें त्यांनीं त्यांत मागितलें होतें. तें आम्हीं परीक्षेसाठीं पाठ केलें होतें. त्याचा अर्थ मात्र त्या सुताराच्या अंगणांत कळला.

तिसरी गोष्ट सांगतांना आजही मान खालीं जाते. एक मुलगी रोज उशिरा येई. आम्हीं कारण विचारलें नाहीं. तीन दिवस तिला दाराबाहेर उभें केलें. चौथ्या दिवशीं ती आलीच नाहीं. घरीं गेलों, तों आईबाप मजुरीला गेलेले, चुलीवर तवा, आणि मुलीच्या कडेवर तान्हा भाऊ. ती म्हणाली, "गुरुजी, ह्याला कुठं ठिऊ?" या प्रश्नाचें उत्तर आमच्या कुठल्याच पुस्तकांत नव्हतें. आम्हीं म्हटलें, "घेऊन ये." तरी ती पंधरा दिवस आली नाहीं, भीति बसावयास तीन दिवस पुरतात, उठावयास पुरत नाहींत. शेवटीं आली, तेव्हां साऱ्या वर्गापुढें आम्हीं तिची माफी मागितली. तो तान्हा कोपऱ्यांत पोत्यावर झोपे आणि बहीण धडा वाची. त्या दिवसापासून शिक्षा करण्याआधीं विचारावयाचें, हा नियम आम्हीं स्वतःस घालून घेतला.

बंधुभगिनींनो, आमची चूक आम्हीं सांगितली; आतां आपणांकडे तीन मागणीं आहेत. मुलाला मठ्ठ, ठोंब्या म्हणूं नका. रोज ऐकलेलें नांव मूल खरें करून दाखवितें. संध्याकाळीं जवळ बसवून "आज काय शिकलास?" एवढें विचारा, त्याला अक्षरओळख लागत नाहीं. आणि धाकट्याला सांभाळण्यासाठीं मुलीची शाळा बुडवूं नका. अडचण असेल तर आम्हांस येऊन सांगा, मिळून वाट काढूं.

२००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कायद्यानें दार उघडलें. पण उघड्या दाराबाहेर मूल उभें करणारा गुरुजीही असूं शकतो आणि त्याला दारापर्यंत येऊंच न देणारा बापही असूं शकतो. आम्ही आमच्या बाजूचें दार उघडें ठेवतों. आपल्या बाजूचें आपण ठेवा.

एवढें बोलून आम्ही आपली रजा घेतों.