दात कोरून पोट भरणारी माणसे



‘दात कोरून पोट भरत नाही’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती केली त्याने डेंटल लॅब पाहिलेली नव्हती. दात कोरूनच ज्यांचे पोट भरते अशी माणसे या पुण्यात पेठापेठांतून, जुन्या इमारतींच्या माडीवर बसलेली आहेत, आणि त्यांच्या हातातले कोरणे आता यंत्र काढून घेत आहे. आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे सगळे गेटसभांत आणि नगर वाचनालयात झाले. तेव्हा आम्ही दंतशास्त्र शिकवू लागलो, तर सभागृहातील डॉक्टरांनी आम्हाला खुशाल थांबवावे.

आमच्या तोंडात दोन कॅपा आहेत. डावीकडची २००३ सालची, उजवीकडची गेल्या वर्षीची. डावीकडच्या वेळी डॉक्टरांनी दाढ घासून बारीक केली, गुलाबी लगदा भरलेला साचा तोंडात दाबून माप घेतले आणि आठ दिवसांनी या म्हणाले. उजवीकडच्या वेळी लगदा नाही, ओकारी नाही. जाड पेनासारखा एक कॅमेरा तोंडात फिरला आणि समोरच्या पडद्यावर आमचा जबडा उभा राहिला. स्वतःचा जबडा असा बाहेरून पाहणे फारसे सुखाचे नसते. निवडणुकीच्या सभेतले फोटो त्या मानाने बरे येतात.

आमची पहिली कॅप कशी झाली ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते, आता ठाऊक आहे. मापात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती करतात. तीतून घासलेला दात करवतीने सुटा करतात. मग कारागीर तापवलेल्या हत्याराने मेणाचा थेंब थेंब चढवीत त्यावर दाढ उभी करतो: कुठे उंचवटा, कुठे खाच, समोरचा दात कुठे टेकेल. त्या मेणाला दांडी लावून ते उष्णता सोसणाऱ्या पुडीच्या राबडीत पुरायचे आणि भट्टीत घालायचे. मेण जळून जाते, पोकळी राहते, आणि गरगर फिरणाऱ्या यंत्राने तीत वितळलेला धातू फेकतात. कसबा पेठेतल्या तांबट आळीच्या ठोक्यांवर वाढलेल्या पुणेकराला धातूकाम नवे नाही. मूर्ती ओतणारा ओतारी पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला. दातांच्या कामात ही रीत अमेरिकेच्या डॉ. टॅगर्ट यांनी १९०७ साली रूढ केली. धातूवर पुढे चिनीमातीची भुकटी ब्रशाने थर देऊन चढवायची, सुमारे नऊशे अंशांवर भाजायची, पुन्हा थर, पुन्हा भाजणे. शेजारच्या दाताशी रंग जुळेपर्यंत हा खेळ चालतो. या ब्रशवाल्या माणसाला धंद्यात सिरॅमिस्ट म्हणतात, आणि पाचदहा वर्षे काढल्याखेरीज तो तयार होत नाही.

आता नवी रीत. फ्रान्सच्या फ्रांस्वा ड्यूरे नावाच्या दंतवैद्याने १९७३ साली प्रबंधात मांडले, की दाताचे माप प्रकाशाने घ्यावे आणि कॅप यंत्राने कोरावी. १९८५ साली त्याने दंतवैद्यांच्या परिषदेत आपल्या पत्नीच्या दातासाठी तशी कॅप करून दाखवली. त्याच वर्षी झुरिकमध्ये डॉ. मोरमान यांनी इंजिनिअर ब्रँडेस्टिनी यांच्या यंत्रावर चिनीमातीचा तुकडा कोरून रोग्याच्या दातात एका बैठकीत बसवला. यालाच कॅड-कॅम म्हणतात. पडद्यावर आराखडा, आणि त्यावरून यंत्राचे कोरीव काम. आमची उजवी कॅप झिर्कोनियाची. हे द्रव्य झिर्कॉन वाळूपासून होते. अशी वाळू आपल्या केरळातल्या चवऱ्याच्या किनाऱ्यावरही निघते. आमच्या दाढेत केरळची वाळू असेलच असे मात्र नाही. त्याची बशीएवढी चकती येते, खडूसारखी मऊ. यंत्र तीतून कॅप कोरते, पण खऱ्या मापापेक्षा मोठी. पुढे पंधराशे अंशांच्या आसपास काही तास भाजली की ती सुमारे एक पंचमांशाने आक्रसते आणि खडूची पोलादासारखी होते. किती आक्रसणार याचा हिशेब संगणक आधीच करून ठेवतो. हे पाहून आम्हाला खरोखर आनंद झाला. माणसाच्या बुद्धीचा तो विजय आहे, आणि ते नाकारण्यात आम्हाला कामगारांचे काही हित दिसत नाही.

परंतु ती कॅप बसवली तेव्हा चावताना उंच लागली. डॉक्टरांनी घासून पाहिली, मग परत पाठवली. आम्ही सवयीप्रमाणे विचारले, ही करतो कोण? डॉक्टर भले गृहस्थ, त्यांनी पत्ता दिला. दोन जिने चढून गेलो. सातजणांची लॅब. एका खोलीत वातानुकूलन, ते यंत्रासाठी. दुसऱ्या खोलीत माणसे.

तिथे आम्हाला एक्कावन्न वर्षांचे सिरॅमिस्ट भेटले. अठ्ठावीस वर्षे ब्रश चालवलेला माणूस. यंत्र आल्यापासून त्यांच्याकडे तयार कॅपेला वरून रंगाची झाक देणे तेवढे उरले होते. आमची कॅप हातात घेऊन, पडद्याकडे पाहत ते म्हणाले, “अण्णा, कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच यंत्राला कळतं. हिरडीतून रक्त आलं, लाळ साचली, की कड दिसत नाही. मग पडद्यावर ती कड अंदाजानं ओढतात. तुमची कॅप नीट खालपर्यंत बसलीच नाही, म्हणून उंच लागली.” ती ओढणारा तेविसाचा मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “काका, मला सॉफ्टवेअर शिकवलं, दाढ कुणी शिकवली?” आम्ही अनेक संपांत अनेक भाषणे ऐकली, पण यंत्रयुगाचा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत ऐकला नव्हता.

आमच्या चळवळीचा इतिहास इथे थोडा सांगितला पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. कलकत्त्याला यंत्र येऊ नये म्हणून पहारे बसले. १९६९ साली केंद्र सरकारने या प्रश्नावर समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्या गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर होते, अहवाल १९७२ साली आला. पुढे १९८३ साली बँक संघटनांनी संगणकाबाबत करार केला. नुसता विरोध करून यंत्र थांबत नाही, हे आम्ही त्यातून शिकलो. पण करार होऊ शकला, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी बसलेले होते. सातजणांच्या लॅबमध्ये एका बाजूच्या खुर्च्या रिकाम्या असतात. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल मेकॅनिकची व्याख्या केली, त्याच्या नोंदणीची तरतूद केली. आम्ही त्या खोलीत विचारले, तर नोंदणी फक्त एकाची निघाली.

यंत्राने भलेही केले आहे, ते सांगितले पाहिजे. जुन्या ओतकामाच्या पुडीत सिलिका असते, धातूला वाळूचा फवारा मारावा लागतो, काही मिश्रधातूंत बेरिलियम असे. या धुळीने दंत-कारागिरांची फुप्फुसे गेल्याची नोंद वैद्यकीय ग्रंथांत आहे. ओतकाम कमी झाले, ते बरे झाले. पण झिर्कोनिया घासतानाही धूळ उडतेच, आणि त्या लॅबमधला धूळ ओढणारा पंखा चार महिने बंद होता. यंत्राचा पंखा मात्र चालू होता.

आम्ही मालकांशी बोललो. तेही कर्जात आहेत, यंत्राचा हप्ता आहे, आणि डॉक्टर एका कॅपेला देतात तो दर वाढत नाही. तीन बैठका झाल्या. धुळीचा पंखा दुरुस्त झाला. काकांना कामाच्या वेळेत, पगारासकट, रोज एक तास संगणकावर बसवण्याचे ठरले, आणि त्या तासात मुलाने त्यांच्याकडून मेणात दाढ घडवायला शिकायचे. पहिल्या आठवड्यात काकांचा हात उंदरावर, म्हणजे माउसवर, थरथरत होता. आता कडा तेच तपासतात. परत येणाऱ्या कॅपा कमी झाल्या, असे मालक स्वतः म्हणाले. आमची दाढही दुसऱ्यांदा नीट बसली.

दराचा प्रश्न सुटलेला नाही. पूर्वी नगावर पैसे मिळत. यंत्र दिवसाला कितीतरी नग काढते, तेव्हा नगाचा भाव उतरवावा असे मालकांचे म्हणणे. पडद्यावरचा आराखडा कुठल्याही गावाहून, परदेशातूनही करून मागवता येतो, हेही त्यांनी सुचवून ठेवले आहे. कारागिरांचे म्हणणे, आम्हाला महिन्याचा पगार बांधून द्या आणि कॅपेबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीवर करणाऱ्याचे नाव लिहा. पगाराचे मालक विचार करतो म्हणाले. नावाला मात्र त्यांचा ठाम नकार आहे; नाव कळले तर डॉक्टर माणूस पळवतील, अशी त्यांना भीती वाटते. पुढची बैठक येत्या सोमवारी रात्री साडेनऊला, लॅब बंद झाल्यावर आहे.