एका मुलाच्या तीन इयत्ता
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी 'उन्हाळ्याची वाळवणे' असे सांगितले होते. तो विषय कोणत्याही वर्षी चालतो. पण त्या म्हणाल्या, "वाळवणे राहू द्या. तुम्ही मुलाला शाळेतून काढून घरी बसवलेत, त्याविषयी आळीत पुष्कळ बोलणे होते. एकदा तुमच्याच तोंडून होऊन जाऊ द्या." तेव्हा तसे बोलते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. गावात शाळा तेवढीच होती, आणि पुढच्या शाळेला ओढा ओलांडून जावे लागे. बोलण्यात चूकभूल होईल, ती पोटात घालावी.

मला तीन मुले. थोरली हुशार आहे, एकदा वाचले की तिला पाठ होते. धाकटी बडबडी. मधला मुलगा, ज्याची ही हकीकत, तो चौथीत जाईपर्यंत त्याला वाचता येत नाही हे मला कळलेच नव्हते. हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल, मलाही वाटले. पण थोरली मोठ्याने वाची ते ऐकून हा सगळे धडे तोंडपाठ करी आणि पुस्तकावर बोट फिरवीत घडाघडा म्हणून दाखवी. आम्ही कौतुक करीत होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागू लागले. तिघेही समोर बसत. प्रश्न आला की उत्तर पहिल्यांदा मधल्याचे. एके दिवशी मी सहज पुस्तक उघडून दिले. त्याने वाचायला सुरुवात केली, आणि पाहते तो पान दुसऱ्याच धड्याचे! म्हणत होता ते बरोबर, पण ते त्या पानावर नव्हतेच.

मग मी शिकवायला बसले, आणि इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी त्याला 'पंचवीस' लिही म्हटले. त्याने ५२ लिहिले. पुसले, परत सांगितले, परत ५२. पाचव्या वेळी माझा हात उठला. तो रडला नाही. गालावर हात धरून म्हणाला, "आई, तू आधी पाच म्हणतेस. म्हणून मी आधी पाच लिहिले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोराचे म्हणणे खरे होते. आपण 'पंच' आधी म्हणतो, 'वीस' नंतर, आणि लिहिताना उलट करतो. लहानपणी सवय लागते म्हणून आपल्याला ते खटकत नाही. आठवत असेल, २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्या म्हणण्याची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वर्तमानपत्रांत थट्टा झाली, विधानसभेतही झाली. मीही हळदीकुंकवात बसून हसले होते. गणित समितीच्या अध्यक्षा मंगलाताई नारळीकर, ज्या २०२३ साली गेल्या, त्या तेव्हा सांगत होत्या की जुनी रीत काढलेली नाही, नवी सोबत दिली आहे, मुलांना सोपे जावे एवढाच हेतू आहे. तेव्हा ते माझ्या कानांवरून गेले. आता तेच पुस्तक मी शेजारणीकडून मागून आणले.

घरात त्यावरूनही बोलणे झालेच. सासूबाई म्हणाल्या, "वीस पाच? ही काय भाषा झाली? आमच्या किती पिढ्या पंचवीस म्हणत आल्या!" मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्या परसात गोवऱ्या मोजत होत्या. "एक विसा, दोन विसा, तीन विसा न् सात." मुलगा जवळ उभा. त्याने तिथल्या तिथे हिशेब केला, "तीन विसा म्हणजे साठ, साठ सात," आणि मातीत बोटाने ६७ लिहिले. बरोबर! तेव्हापासून त्याचे गणित सासूबाईंकडे गेले. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे त्याच बांधून देत. पुस्तकातली रीत मात्र त्यांना अजून पसंत नाही.

शाळा सुरू झाल्यावर तो पाचवीत बसला. पहिल्या सहा महिन्यांतच त्याला शेवटच्या बाकावर नेऊन ठेवले. फळ्यावरचे उतरवून घेता येत नसे, म्हणून वहीत हत्तीघोडे काढी. शाळेचे नाव मी घेणार नाही. एका वर्गात इतकी मुले असताना बाईंनी तरी काय करावे, हेही मला समजते. पण तो रोज सकाळी पोटात दुखते म्हणू लागला, आणि ते दुखणे रविवारी नसे.

जिल्ह्याच्या ठिकाणी त्याची तपासणी करून घेतली. चार हेलपाटे पडले. डॉक्टरांनी सांगितले की बुद्धी उत्तम आहे, डोळे-कान ठीक आहेत. अक्षर आणि त्याचा आवाज यांची सांगड घालायला याला जड जाते. याला डिस्लेक्सिया म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार आहेत, त्यांत अशा अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. 'तारे जमीन पर' हा सिनेमा २००७ साली आला, तो आपण बहुतेकींनी पाहिला, पदराने डोळे पुसले. आणि तेच मूल घरात असताना मला ओळखता आले नाही.

२०२२ च्या जूनमध्ये शाळेचा दाखला काढला. यांची नोकरी एस.टी.त कंडक्टरची, घरी असण्याचा नेम नाही. हे एवढेच म्हणाले, "एक वर्ष बघू." माहेरच्यांनी मात्र विचारले, सातवी शिकलेली बाई काय शिकवणार? घरी कुठे शाळा असते काय? न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना घरीच मुळाक्षरांपासून शिकवले, आणि त्यांना नावे ठेवणाऱ्या घरातल्याच बायका होत्या. ही गोष्ट आपल्या मंडळातच मी ऐकलेली, ती तेव्हा उपयोगी पडली. कायद्याचेही विचारून घेतले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. तरीही ही गोष्ट कोणी हलक्याने घेऊ नये.

आता अभ्यासक्रमाचे. इथेच मी जास्त चुकले. घरी येऊन एका विक्रेत्याने हप्त्यावर एक टॅबलेट गळ्यात मारला. त्यात पहिलीपासून दहावीपर्यंत सगळे आहे म्हणाला. होतेही. पण चित्रे इतकी भराभर नाचत की मुलाचे डोके दुखे, आणि शेवटी प्रश्न यायचे ते वाचूनच सोडवायचे! चकल्यांच्या ऑर्डरींतून साठवलेले पैसे त्यात गेले. टॅबलेट आता कपाटावर आहे.

मग मी बालभारतीची पहिलीपासून सातवीपर्यंतची पुस्तके जमवली. काही जुनी मिळाली, काही त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेतली. सगळी चटईवर मांडली आणि एकेक त्याच्यापुढे धरले. वाचन दुसरीच्या पुस्तकात जमले, तिसरीच्या पुस्तकात अडखळले. गणित तिसरीचे जमले. विज्ञान मी वाचून दाखवले तर सहावीचेही कळले, आणि त्याने मलाच दोन शंका विचारल्या, ज्यांची उत्तरे मला येत नव्हती. म्हणजे मुलगा एक, पण इयत्ता तीन. शाळेत तसे करता येत नाही, तिथे मुलाला एकाच वर्गात बसावे लागते. घरी कोण अडवणार? मी तीनही इयत्ता एकाच वेळी चालवल्या.

वाचनाला रोज दहा मिनिटे, घड्याळ लावून, अकरावे नाही. त्याची घ आणि ध, म आणि भ, य आणि थ यांची अदलाबदल होई. पुस्तकात दाखवून उपयोग होईना, म्हणून मी अंगणात रांगोळीने ही अक्षरे वीतभर मोठी काढली. काढताना माझ्याच लक्षात आले की घ, म, य यांच्या डोक्यावरची रेघ अखंड आहे, आणि ध, भ, थ यांची मध्ये तुटते. इतकी वर्षे लिहीत आले, पण हे कधी पाहिले नव्हते! तेव्हापासून आमची खूण ठरली : आधी डोक्याकडे पाहायचे. त्याने चिमटीने ती अक्षरे काढली, पुसली, पुन्हा काढली. त्यालाच दोन महिने गेले. मग यांच्या सुट्टीच्या दिवशी कऱ्हाडच्या स्टँडवर बापलेक बाकावर बसून पाट्या वाचत. मसूर, उंब्रज, पाटण. 'ओगलेवाडी' वाचली त्या दिवशी घरी शिरा केला.

भूगोल प्रीतिसंगमावर झाला. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरी उगम पावतात, वेगळ्या वाटांनी निघतात, आणि आपल्या कऱ्हाडात समोरासमोर येऊन मिळतात, हे पाण्यात पाय सोडून शिकलेला मुलगा विसरत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप सासूबाईंनी सांगितला. तो ऐकताना तर आम्ही सगळीच अभ्यासाला बसलो होतो.

परीक्षेचे पुष्कळजणी विचारतात, म्हणून सांगते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या परीक्षा घेते. आमच्याने आठवीची दिली, पास झाला. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची द्यायची आहे. ती संस्था १९८९ ची. ज्यांची समाधी आपल्या संगमावर आहे त्या यशवंतरावांच्या नावाचे नाशिकचे मुक्त विद्यापीठही त्याच वर्षीचे. चौदा वर्षे पुरी लागतात. पाच विषय घ्यायचे, त्यांत एक तरी भाषा हवी. गणित घेतलेच पाहिजे असे नाही, चित्रकला घेता येते, गृहविज्ञान घेता येते. नाव पाच वर्षे चालते, वर्षातून दोनदा परीक्षा असते, आणि एकेक विषय सोडवत गेले तरी चालते. दाखला असेल तर अशा मुलांना परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा आणि लेखनिक मिळतो. आमच्याने गणित घेतले आहे. हौसेने!

माझा नवस फेडून झाला असे मात्र समजू नका. धाकटीलाही मी घरी ठेवून पाहिले. आठ महिन्यांत ती सुकून गेली, खिडकीत बसून शाळेच्या मुली मोजी. परत शाळेत घातली, आता सुखात आहे. आणि थोरली. तिचा वर्गात पहिला नंबर आला त्या दिवशी मी अंगणात रांगोळीच्या अक्षरांपुढे बसले होते. तिने निकाल दाखवला, मी "छान हं" म्हणून मान खाली घातली. रात्री ती म्हणाली, "मला वाचता येते हा माझा गुन्हा आहे का?" याला उत्तर मला अजून सापडलेले नाही. हल्ली रविवारची संध्याकाळ तिची एकटीची असते, आम्ही दोघीच संगमावर जातो. पण ती तीन वर्षे तिची गेली ती गेलीच.

वाचन त्याचे अजून हळू आहे. वर्तमानपत्राचा मथळा वाचतो, खालचा मजकूर मला वाचायला लावतो.

दुसरीपासून आठवीपर्यंतची पुस्तके, काड्यांचे गठ्ठे आणि त्या परीक्षांच्या फॉर्मची माहिती माझ्याकडे आहे. ज्यांना हवी त्यांनी दुपारी तीननंतर यावे. सकाळी येऊ नये, सकाळी आमचे गणित असते. आणि येताना पोरालाही बरोबर आणावे, त्याचे दप्तर मात्र घरी ठेवावे.