दम्याची गोळी आणि मुलाचं वागणं

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरात साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, की थंडी, धूळ आणि पाचट जाळल्याचा धूर एकत्र येतो. दमेकरी मुलांची छाती घरघरू लागते. डॉक्टर कधी रात्री चघळायची मॉन्टेलुकास्टची गोळी देतात. बहुतेकांना ती सोसते. पण काही मुलं ती सुरू झाल्यावर झोपेत किंचाळतात, मारायला धावतात, नाहीतर गप्पगप्प होतात. घरचे म्हणतात, लाडावलंय! अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या गोळीवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्यात आत्महत्येच्या विचारांचाही उल्लेख आहे. दम्याच्या साल्ब्युटामॉल या दुसऱ्या औषधाने हात थरथरतात, मूल चुळबुळतं, पण ते थोड्या वेळात ओसरतं. वागणं बदललं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. इनहेलर मात्र आपल्या मनाने बंद करू नका.