आडबाजूस पडलेला पुणे रस्ता
(परळ येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



ज्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गालगत आपण आज जमलो आहोत, तो लालबाग, परळ, दादर, शीव असा शहराबाहेर पडतो आणि पुढे पनवेल, खोपोली, खंडाळामार्गे पुण्याची जुनी वाट धरतो. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. पुण्याची बहुतेक वाहने तिकडे वळली. वेळ वाचला हे खरेच. परंतु वाटेवरची गावे प्रवाशांच्या नजरेआड झाली, आणि नजरेआड झालेल्या वास्तूंकडे लक्ष देणारेही उरत नाहीत.

खोपोलीचेच पाहा. नाना फडणविसांनी बांधलेला तलाव व शिवमंदिर येथे आहे. त्याच गावातील टाटांच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ पासून मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. लालबाग-परळच्या ज्या मुलांचे आजोबा गिरणीत होते, त्यांना मागावरची ती वीज कोठून येई हे दाखविण्यास याहून चांगले स्थळ कोणते?

बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. चढणीवर शिंगरोबाचे देऊळ लागते. लोहमार्गासाठी घाटातील वाट इंग्रजांना या धनगराने दाखविली, असे लोक सांगतात. सरकारी दप्तरापेक्षा लोकांनी त्याची आठवण अधिक जपली, असे मला वाटते. घाटातीलच ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल मात्र २०२० मध्ये पाडण्यात आला. वाहतुकीची अडचण खरी होती. तथापि तो ज्यांनी पाहिला नाही, त्यांना आता छायाचित्रावरच समाधान मानावे लागेल.

घाटमाथ्यावर लोणावळ्यापुढे कार्ले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह आणि त्याच्या दाराशी कोळीबांधवांची एकवीरा आई. पुढे वडगाव मावळ. जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौजेस मराठ्यांपुढे येथे शरणागती पत्करावी लागली. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेला कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला ‘इष्टूर फाकडा’, याची समाधी वडगावातच आहे. शत्रूच्या शौर्याला असे लाडके नाव देणारी माणसे ही!

या मार्गावरील पंचायतींना व नगरपरिषदांना माझी विनंती एवढीच, की अशा प्रत्येक स्थळाशी चार ओळींचा मराठी फलक आणि पिण्याच्या पाण्याची सोय असावी. सहली आल्या तर हॉटेलवाल्यांना व चिक्कीवाल्यांनाही चार पैसे मिळतील. शिक्षकांनी बसचालकास मात्र आधीच बजावून ठेवावे, की कळंबोलीस द्रुतगती मार्ग न धरता गाडी पनवेल गावाकडे घ्यावी.