आश्विन-कार्तिकातले माझे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त कोजागिरीच्या संध्याकाळी केलेले भाषण)



'गृहिणीचे अनुभव' या विषयावर चार शब्द बोला, असे मला आठ दिवसांपूर्वी सांगण्यात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. जात्यावर, चुलीपाशी बोलणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. परंतु मंडळात बसून मी इतकी वर्षे दुसऱ्यांचे ऐकले, तेव्हा एकदा ऐकवणेही आलेच. माझ्याजवळ सांगण्यासारखे म्हणजे माझी दोन मुले. थोरला अकरा वर्षांचा, धाकटा आठ. धाकट्याला सिकलसेलचा आजार आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. ज्यांना अर्धेच ठाऊक आहे त्या आपसात कुजबुजतात. म्हणून आज मीच मोठ्याने सांगते. आणि सांगणार आहे ते याच दोन महिन्यांचे, कारण वर्षात आश्विन आणि कार्तिक आमच्या घराला सर्वांत जड जातात.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात या दिवसांत फुरसत कोणाला असते? हलका धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येतो, भारी धान त्याच्या मागून. उभ्या धानातच लाखोळी टाकायची असते. घरात दिवाळीची सारवासारव, बाहेर बांधीत माणसांची हाकाहाक. आणि हवा कशी, तर दुपारचे ऊन डोके फोडणारे, नि पहाटे धुऱ्यावरून चालावे तर दवाने पाय भिजतात. धडधाकट माणसाला त्याचे काही वाटत नाही. धाकट्याला मात्र दोन्ही बाधते. दुपारी घाम जाऊन अंगातले पाणी कमी झाले तरी दुखणे, आणि रात्री गारठा लागला तरी दुखणे.

हे असे का, ते मी डॉक्टरीणबाईंना विचारले होते. त्यांनी कागदावर काढून दाखवले. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, बारीक नसांतूनही सरकून जातात. याच्या पेशी पाणी कमी पडले, थंडी लागली, ताप आला किंवा फार दमणूक झाली की विळ्यासारख्या वाकतात आणि नसांत अडकून बसतात. रक्त पुढे जात नाही, मग तेथे दुखते. सिकल म्हणजे इंग्रजीत विळाच; आपण धान कापतो तो. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कमी आणि डोळे पिवळे. तान्हेपणी त्याच्या हातापायांची बोटे सुजत, डोळे पिवळे दिसत, तेव्हा गावातले सगळे कावीळच म्हणत होते. रक्त तपासल्यावर खरे नाव कळले.

नाव कळल्यावर घरात जे व्हायचे ते झाले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरान्यात असा रोग कोनाले नोहता. हे सुनेच्या माहेराहून आलं." भगिनींनो, हे वाक्य मला एकटीलाच ऐकावे लागले असे नाही, या सभेत बसलेल्या आणखी दोघीतिघींनी ते ऐकले आहे, हे मला माहीत आहे. मी त्या दिवशी भांडले नाही. डॉक्टरीणबाईंनी समजावले होते ते मी घरच्या वाट्या मांडून सासूबाईंना दाखवले, आणि तुम्हालाही सांगते, म्हणजे घरी जाऊन मांडता येईल.

दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत एक दाणा तांदळाचा आणि एक उडदाचा. एक वाटी आईची, एक बापाची. मूल होते तेव्हा ते न पाहता दोन्ही वाट्यांतून एकेक दाणा उचलते. दोन्ही तांदूळ आले तर मूल निरोगी. एक तांदूळ, एक उडीद आला तर ते मूल वाहक. म्हणजे आईबापांसारखेच, त्याला सहसा काही त्रास नाही. आणि दोन्ही उडीद आले तर आजार. चार वेळा उचलण्यात एकदा असे व्हायचा संभव. परंतु पुढच्या मुलाच्या वेळी दाणे पुन्हा वाटीत आलेले असतात. पहिले मूल चांगले झाले म्हणून दुसऱ्याची खात्री नाही, आणि पहिले आजारी म्हणून दुसरेही तसेच होईल असेही नाही. माझा थोरला एक तांदूळ, एक उडीद घेऊन आला. धाकटा दोन उडीद. कूस एकच.

सासूबाई वाट्यांकडे बराच वेळ पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "मंजे माह्या लेकाचाबी दाना हाय का यात?" मी म्हटले, "हो, आणि तो त्यांनाही कोणाकडून तरी आलाच असेल." त्या दिवसापासून माहेराचा उल्लेख बंद झाला. शिवाय हे काही एका जातीचे किंवा कोणाच्या पापाचे नव्हे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप फार, तेथे हा एक उडदाचा दाणा असलेल्या मुलांना जीवघेण्या हिवतापापासून थोडे संरक्षण मिळे, म्हणून तो दाणा टिकून राहिला. आफ्रिकेत तसेच आणि आपल्या झाडीतही तसेच.

आता रोजचे सांगते, कारण आजार डॉक्टरांकडे महिन्यातून एकदा जातो, बाकीचे दिवस तो आपल्याच घरी असतो. पहिली गोष्ट पाण्याची. तहान लागो न लागो, धाकट्याने पाणी प्यायलेच पाहिजे. खेळात पोराला कसली आठवण? म्हणून चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची रीत मी घातली. पेला संपला की एक रेघ, आणि रेघ ओढायची थोरल्याने. आठवडाभर सर्व सुरळीत चालले. मग एका दुपारी पाहते तर दहा रेघा, आणि माठ काठोकाठ भरलेला! चौकशीअंती कळले की धाकट्याने एका रेघेला दोन शिंगाडे असा भाव ठरवला होता. मी हसू दाबून दोघांना ओळीने उभे केले. आता रेघ सासूबाई ओढतात, आणि त्यांना लाच चालत नाही.

पाणी पितो म्हणजे लघवीलाही वारंवार जातो. शाळेत मी स्वतः जाऊन बाईंना सांगून आले की याला मधेच उठू द्या, बाटली बाकावर ठेवू द्या. रात्री कधी कधी अंथरूण ओले होते. आठ वर्षांचा मुलगा, त्याला फार लाज वाटते. या आजारात मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून तसे होते. तो आळस नव्हे आणि खोडीही नव्हे. त्यासाठी त्याचे पाणी तोडू नये. बाजेवर जुन्या गोधडीखाली प्लॅस्टिकचा कागद घालावा, सकाळी न बोलता गोधडी सांदवाडीत वाळत टाकावी. न बोलता, हे मुद्दाम सांगते.

दुसरी गोष्ट गारठ्याची. सूर्य कलला की पायमोजे, कानाला रुमाल, सदऱ्यावर स्वेटर. तळ्यात उतरणे बंद. थोरला पोहतो, ढिवरांच्या डोंग्यामागे शिंगाडे गोळा करत फिरतो, धाकटा काठावर. दिवाळीच्या पहाटेच्या आंघोळीचा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी निघे. उजाडण्यापूर्वी न्हाले नाही तर नरकात जातो, असे सासूबाईंचे म्हणणे. एकट्या धाकट्याला उन्हे आल्यावर न्हाऊ घालावे, तर तो म्हणणार, "मीच कायले नरकात?" तेव्हा मी सर्वांचेच स्नान उन्हे आल्यावर ठेवले. उटणे, तेल, दिवा, ओवाळणे सर्व तेच. चुलीवरचे कढत पाणी आणि अंगणात ऊन. घरधनी कुरकुरले, पण न्हाले. एका मुलासाठी नियम बदलायचा तर तो सगळ्या घराचाच बदलावा, असे मला वाटते. त्याला एकट्याला बाजूला काढले की तो आजारापेक्षा त्यानेच खचतो.

बांधीतही तसेच. कापणीच्या दिवशी त्याला घरी कोंडून ठेवले तर रडून ताप आणील. म्हणून तो मोहाच्या झाडाखाली वही घेऊन बसतो आणि बांधलेले भारे मोजतो. कोणाचे किती भारे, हे तो लिहितो. मजुरी वाटताना आता बाया त्यालाच विचारतात, "बाबू, माह्ये किती झाले?" थोरला सर्वांना पाणी पुरवतो आणि उरलेला सरवा वेचतो. सरव्याच्या धानाचे पैसे त्याचे त्याला.

औषधाविषयी थोडेच सांगते. रोज एक हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आणि एक फोलिक ॲसिडची, दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीत. पहिल्या गोळीसाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते, तेव्हा माझे ऐकून कोणी आपल्या मुलाला परस्पर देऊ नये. ती सुरू झाल्यापासून त्याचे दुखणे कमी वेळा येते. दुखेल तेथे कोमट शेक द्यावा, बर्फ कधीही नाही. ताप आला तर उद्याची वाट पाहू नये. पोर एकाएकी पांढरे पडले, किंवा डाव्या बरगडीखाली पानथरी वाढून हाताला लागू लागली, तर हातातले काम टाकून दवाखाना गाठावा. पानथरी कशी चाचपावी, हे मला नर्सबाईंनी शिकवले. कोणाला शिकायचे असेल तर घरी या.

गेल्या वर्षीचे सांगते. भाऊबिजेनंतर गावात मंडई झाली, दंडार झाली. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आले आणि बोचरा वारा सुटला. अर्ध्या बांध्या कापून कडपा तशाच पसरलेल्या होत्या. त्या रात्री दोन वाजता धाकटा किंचाळत उठला. "माय, पाय कापून टाक ना माह्ये," असे तो म्हणत होता. आईच्या कानांनी हे कसे ऐकावे! शेक दिला, पाणी पाजले, दुखण्याची गोळी दिली, उतार पडेना. थोरला न सांगता कंदील घेऊन आशाताईंच्या दारी गेला. त्यांनी १०८ ची गाडी बोलावली. आम्ही दोघे धाकट्याला घेऊन दवाखान्यात गेलो. चार दिवस सलाईन, इंजेक्शने. इकडे पाऊस कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही, घरी म्हातारी सासू आणि अकरा वर्षांच्या आतला एक पोर.

सकाळी तोच पोर शेजारच्या काकूंकडे गेला आणि म्हणाला, "आमचा धान भिजन." एवढेच. त्या दिवशी या मंडळातल्या सात जणी स्वतःचे काम टाकून आमच्या बांधीत उतरल्या. भारे बांधले, पुंजणे रचले, वर ताडपत्री दाबली. रात्री पाऊस आला. दीड एकराचा धान वाचला, त्यावर आमचे वर्षाचे खाणे होते. त्या सात जणींची नावे मी घेत नाही. त्यांनीच मना केले आहे. परंतु त्यांच्यापैकी एक ताई आज पहिल्या रांगेत बसून खाली पाहत आहेत, हे मला येथून दिसते आहे.

दवाखान्यातून आलो आणि दोनतीन दिवसांनी थोरला बाजेवर निजून म्हणाला, "माहाबी पाय दुखते." पाहिले, सूज नाही, ताप नाही. सासूबाई म्हणाल्या, "नाटक करते." मी तेल कोमट करून त्याचे पाय चोळीत बसले. बऱ्याच वेळाने तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माय, त्याले झाला, मले कायले नाई झाला?" हेवा होता की दुःख होते, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. दोन्ही असावे. आजारी मुलाची आई असलेल्या प्रत्येकीने आपल्या धडधाकट मुलाकडेही एकदा निरखून पाहावे. तो धावतो, आणतो, देतो, आणि त्याला कोणी विचारीत नाही. तेव्हापासून आठवडी बाजाराला मी फक्त थोरल्याला नेते. धाकटा कितीही रडला तरी नाही. जाताना तो बोलत नाही. येताना भजी खाता खाता सर्व सांगतो. मागल्या बाजारी त्याने विचारले, "माह्या पोराले होईल का?" मी म्हटले, "तुझ्या बायकोचे रक्त आधी तपासू."

हेच मला आपल्या सर्वांना सांगावयाचे आहे. लग्न जुळवताना आपण पत्रिका पाहतो, हुंडा बोलू नये तरी बोलतो. मग मुलगा-मुलगी दोघांचे रक्त पाहायला काय हरकत? वाहक असणे म्हणजे डाग नव्हे, त्याचे लग्न जरूर व्हावे. दोघेही वाहक असले तर मात्र आधी डॉक्टरांशी बोलावे. बोटातून थेंबभर रक्त घेतात. त्यात संशय आला तर पुढची तपासणी करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशात शहडोलला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, त्यात तान्ह्यापासून ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी ठरली होती. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगात धरला गेला आहे, तेव्हा ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. कागद भरताना अडचण वाटली तर मी बसेन बरोबर. मी दोनदा भरला आहे.

आशाताई म्हणतात, मंडळातल्या पंचवीस जणी एकत्र आल्या तर त्या तपासणीची व्यवस्था येथेच करतील. माझे नाव वहीत लिहिण्याची गरज नाही, माझे रक्त तपासून झाले आहे. पण वही मीच आणली आहे, ती येथे दिव्यापाशी ठेवते. आता दूध आटत आले आहे आणि पोरींची भुलाबाई व्हायची आहे. खिरापत ओळखायला माझी दोन्ही पोरं तेथे आधीच जाऊन बसली आहेत. धाकट्याने स्वेटर घातला आहे की काढून ठेवला, ते मला पाहिले पाहिजे.